बैठकीत चूल

झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणायची पद्धत आहे. मलकापुरात गंगा नाही, नळगंगा आहे, आणि उन्हाळ्यात तिचं पात्र इतकं कोरडं असतं की त्यात टाकलेलं काही वाहून जाईल अशी आशा करू नये. माझं तर काहीच वाहून गेलं नाही. मी ते जपून ठेवलं, वेळ आली तेव्हा बाहेर काढलं, आणि आता म्हातारपणी सांगायलाही मला लाज वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या मागोमाग माझं लग्न झालं. सासरे कापसाचे दलाल. घर स्टेशनच्या रस्त्यावर, एका जुन्या दगडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर. इंग्रजांच्या काळात कापूस खरेदीला आलेल्या कुण्या गोऱ्या एजंटासाठी ती बांधली होती म्हणे. खाली दुकानं होती, वरचा सगळा मजला सासऱ्यांनी विकत घेतलेला होता, आणि सारं गाव त्याला माडी म्हणायचं. राजधानी नागपुराहून मुंबईला गेली म्हणून कोणी हळहळलं की सासरे म्हणत, "जाऊ द्या ना. आपल्या टेसनावरून गाडी दोनीकडं जाते." अशी त्यांची बोलण्याची तऱ्हा होती. लोक हसत. मीसुद्धा पहिल्या वर्षी हसले.

माडीत शिरलं की आधी बैठक लागायची. रस्त्याकडून जिना थेट तिच्यात चढायचा. लांबलचक खोली, सागाचं छत, रस्त्यावर उघडणाऱ्या चार उंच खिडक्या आणि प्रत्येकीवर रंगीत काचांची अर्धी चकती. सकाळी त्या काचांतून लाल-हिरवा उजेड गादीवर पडायचा. गादी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पांढरीशुभ्र खोळ घातलेली, वर लोड नि तक्के. ही खोली पुरुषांची. तिच्या मागच्या भिंतीत एक दार आणि दाराच्या मागं एकामागोमाग एक तीन खोल्या, शेवटच्या खोलीत चूल. तिन्ही खोल्यांना मिळून एक खिडकी नव्हती. चुलीवर एक धुराडं, तेही अर्धं बुजलेलं. दिवसासुद्धा कंदील लावून भाकरी थापाव्या लागत. त्या गोऱ्यानं हे घर एकट्यासाठी बांधलं होतं आणि मागच्या खोल्यांत तो कापसाचे नमुने ठेवत असे. कापसाला उजेड लागत नाही. सासऱ्यांनी तिथं बायका ठेवल्या.

त्या मधल्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी होती. बैठकीकडची कडी दार बंद करायला. आमच्या बाजूची कडी वाजवायला. पुरुषमाणसं बसलेली असताना बाईनं बैठकीत पाऊल टाकायचं नाही, हाक मारायची नाही, नवऱ्याशी काम असलं तरी कडी वाजवायची आणि उभं राहायचं. मग कोणी उठून आलं तर आलं. उलट, पुरुषांनाही एक नियम होता. सुना चुलीपाशी असताना सासऱ्यानं आवाज दिल्यावाचून आत यायचं नाही. सासरे बाहेरून कडी वाजवत, आतून सासूबाई "हो, या" म्हणत, तोवर मी पदर सावरत असे, आणि मगच ते उंबरा ओलांडत. तहानेनं घसा कोरडा पडलेला असला तरी ते थांबत. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही, हे मी कबूल करते. माणूस नियमाचा पक्का होता. त्याचाच पुढं मला उपयोग झाला.

आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन लोक राहतात, आणि दोघांनाही दुसरा थोडा अडाणी वाटतो. मी घाटावरची. धाडजवळ माझ्या वडिलांचा भाजीचा मळा होता. जात एक, कुळं जुळलेली, म्हणून सोयरीक झाली, पण सासरच्यांनी दोन पिढ्यांमागं माती सोडून कापूस धरला होता आणि पांढऱ्या गादीवर बसून त्यांना आपण पहिल्यापासून पांढरेच होतो असं वाटायला लागलं होतं. माझ्या बोलण्याची नक्कल माझ्या देखत व्हायची. मी ती सोसली. नक्कल सोसता येते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, कापसाच्या ऐन हंगामात, माझे वडील मला भेटायला आले. धाडहून बुलढाण्याला एक एसटी, तिथून घाट उतरून मलकापूरला दुसरी. डोक्यावर टोपली. मी मागच्या खोलीत पीठ चाळत होते आणि मला जिन्यावर त्यांचा खोकला ऐकू आला. बापाचा खोकला लेकीला भिंतीपलीकडून कळतो. मी हात झटकून दारापाशी गेले.

बैठकीत बाजारातली चार माणसं होती. माझ्या वडिलांनी राम राम घातला. बहुधा ते बसायला वळले असतील, कारण सासरे आपल्या व्याह्याला म्हणताना ऐकू आले, "गादीवर नोका बसू, इवाई. खोळ आजच घातली. तिकडं पोतं हाये पायरीपाशी, त्याच्यावर बसा."

पोतं ओढल्याचा आवाज मी ऐकला. मग वडील हसले. "पोतंच बरं आपल्याला. मळ्यात काय गाद्या असतात?" त्यांचं ते हसणं मला अजून सोडत नाही. त्यांना राग आला असता तर मला इतका आला नसता.

मी कडी वाजवली. कोणी उठलं नाही. मी पुन्हा वाजवली, जोरात. बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "शेठ, कडी वाजून राह्यली."

"वारा हाये," सासरे म्हणाले.

मागच्या तिन्ही खोल्यांना खिडकी नव्हती. वारा येणार कुठून होता? ते घर त्यांचं होतं, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. माझे वडील म्हणाले, "लेकीला भेटून जातो म्हणलं." सासरे म्हणाले, "आता सौद्याचा टाइम हाये, इवाई. पुढच्या खेपेले या, निवांत भेटा." दार त्यांच्या बाजूनं लावलेलं होतं. मी कडी हातात धरून उभी राहिले आणि जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकत राहिले. पाणी विचारलेलं मी ऐकलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. आमच्याकडं वैरी दारात आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात.

थोड्या वेळानं टोपली आत सरकवली गेली. वांगी, मेथी, कोवळा पातीचा कांदा. संध्याकाळी मी तीच वांगी केली. सासरे जेवताना सासूबाईंना म्हणाले, "वांगे गोड हायेत. घाटावरचे दिसतात."

पुढची खेप आलीच नाही. त्या उन्हाळ्यात वडील मळ्यातच गेले. मी पोचले तेव्हा तोंडात पाणी घालायची वेळ निघून गेली होती. परतताना घाटात एसटी थांबली, लोक उतरून रसवंतीवर रस प्यायले, मी बसून राहिले आणि मनाशी एकच गोष्ट ठरवली. त्या बैठकीत, त्या खिडकीपाशी, माझ्या माहेरचा माणूस वर बसेल आणि माझ्या हातचं पाणी पिईल. आणि ज्यांनी माझ्या बापाला खाली बसवलं ते कडीमागं उभे राहतील. कसं, ते मला ठाऊक नव्हतं. पण शेतकऱ्याची मुलगी आहे मी. पेरल्यावर वाट पाहता येते.

वाट बरीच वर्षं पाहिली. चूल फुंकली, पोरं झाली, सासूबाईंचे डोळे धुरानं कायमचे लाल झाले तसे माझे व्हायला लागले. मग धाकट्या दिराचं लग्न ठरायला आलं. मुलगी अकोल्याची, मॅट्रिक झालेली. तिचे वडील ओव्हरसियर होते, मोठा ठासून बोलणारा माणूस. सासऱ्यांना ही सोयरीक पाहिजेच होती, कारण सरकारी माणसाशी नातं जडलं की बाजारात वजन वाढतं. त्या गृहस्थांनी बैठकीत बसूनच स्पष्ट सांगितलं की मुलगी धुरात खाली बसून स्वयंपाक करणार नाही. आता शहरात उभ्यानं स्वयंपाक करतात. ओटा पाहिजे, घरात नळ पाहिजे, मोरीला फरशी पाहिजे.

"होईन ना," सासरे म्हणाले. "घर जुनं हाये, पन मजबूत हाये. पाह्यजे तसं करून घेऊ."

"आणखी एक," तो गृहस्थ म्हणाला. "चूल कुठं आणि कशी मांडायची, ते घरातल्या बायका ठरवतील. पुरुषांनी मधे बोलायचं नाही. माझ्या घरी मी बोललो आणि ओटा चुकला."

सगळे हसले. सासरेही हसले. "अहो, चुलीत माणसाचं काय काम? मोठी सून ठरवीन." आणि थट्टेथट्टेत त्यांनी आपलं उपरणं पुढं केलं. कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघं उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून सौदा करत. एकदा बोट दाबलं की बाप मेला तरी सौदा फिरत नसे. फिरवणाऱ्याच्या पेढीची पायरी मग कोणी चढत नसे. ओव्हरसियरनं हसत हात घातला, सासऱ्यांनी बोट दाबलं, आणि बाजारातली दोन माणसं साक्षीला होती. मी दारामागं उभी होते. मी नेहमीच दारामागं उभी असायची.

सासऱ्यांच्या मनात एवढंच असणार की बायका फार तर मागच्या तीन खोल्यांपैकी एक निवडतील. बैठक कोणी मागेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. जी माणसं तिथं कधी बसली नाहीत ती तिच्यावर डोळा कशाला ठेवतील?

मिस्त्री आला त्या सकाळी बैठकीत सासरे होते आणि साक्षीची ती दोन माणसंही चहाला आलेली होती. मी चुलीतून एक विझलेला कोळसा घेतला, डोक्यावरून पदर घेतला, कडी वाजवली आणि कोणी उठायची वाट न पाहता दार ढकलून बैठकीत गेले. एरवी जिन्याकडं जायचं तर बैठक रिकामी झाल्यावरच ती ओलांडायची; पुरुष बसलेले असताना मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते. मी सासऱ्यांशी बोलले नाही. तशी रीत नव्हती आणि मी रीत सोडणारी नव्हते. मी मिस्त्रीशी बोलले. गादीचा कोपरा उचलून मागं दुमडला, खिडक्यांखालच्या फरशीवर कोळशानं रेघ ओढली आणि म्हटलं, "मिस्त्री, ओटा इथून इथपर्यंत."

मिस्त्रीनं सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे म्हणाले, "सूनबाई, हे बैठक हाये."

"मिस्त्री," मी म्हटलं, "नगरपालिकेचा नळ रस्त्याच्या अंगानं येतो. पाण्याला जोर नाही, मागं पोचणार नाही. धूर जायला खिडक्या इथंच आहेत. आणि चूल कुठं मांडायची त्याचं बोट दाबून झालेलं आहे. ज्यांच्या समोर दाबलं ते इथंच बसलेत, त्यांना विचारा."

त्या दोघांपैकी एकानं कपाच्या तळाशी पाहिलं. दुसरा जरा मोकळा होता. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "सौदा झालता, शेठ. आमी होतो ना."

सासऱ्यांनी दगडाखाली हात सापडल्यासारखा चेहरा केला. नाही म्हटलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या जिनिंग कारखान्यांमधून बातमी गेली असती की माडीवाल्या शेठनं दाबलेलं बोट फिरवलं. ते उठले, टोपी घातली आणि खाली उतरून गेले. मिस्त्रीनं पेन्सिल कानामागून काढली.

यजमान संध्याकाळी माझ्यावर चिडले. "बाबाची बैठक काऊन मोडली? जुन्या काचा हायेत थ्या, काळ्या पडतीन."

"तुमच्या आईचे डोळे धुरानं लाल झाले, तेव्हा कोणी फडकं घेऊन आलं नाही," मी म्हटलं. त्यांच्या आईबद्दल ते तसे हळवे होते, फक्त त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं.

काम पावसाळ्याआधी संपलं. खिडक्यांखाली काळ्या कडप्प्याचा ओटा झाला, उंची माझ्या कोपराला धरून. एका कोपऱ्यात फरशीची मोरी, तिच्यावर नळ. कोनाड्यांना फळ्या बसवून डब्यांची मांडणी. चूल गेली आणि ओट्यावर कोळशाची शेगडी नि स्टोव्ह आला. रंगीत काचा मी स्वतः राखेनं घासल्या. सागाच्या छताला तेल दिलं. त्या घरातली कुठलीही सुंदर गोष्ट मी मोडली नाही. माझं भांडण सागाशी नव्हतं.

गादी मागच्या खोलीत मावेना. ती कापून अर्धी केली आणि अर्धी आत टाकली, लोडांसकट. उरलेल्या अर्धीतला कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला, शेवटच्या खिडकीपाशी एक दगडी बाक बांधून घेतला होता त्याच्यासाठी छान जाड गादी शिवली. आणि जुनी खोळ, ती पांढरीशुभ्र, आजच घातलेली खोळ, तिचं मी पोतेरं केलं. कित्येक महिने मी त्या खोळीनं मोरी पुसत होते. मला त्या कामाचा कधी कंटाळा आला नाही.

मधलं दार मिस्त्रीला काढायचं होतं. तिथं कमान करू, आता कमानीची फॅशन आहे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "दाराला हात लावायचा नाही. कडीसुद्धा तशीच राहू दे."

सासूबाई पहिल्या दिवशी त्या बाकावर बसल्या. खाली कापसाच्या बैलबंड्या चालल्या होत्या, पलीकडं स्टेशनचं कौलारू छप्पर दिसत होतं, एक मालगाडी उभी होती. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "काय वं," त्या म्हणाल्या, "हे समदं इथंच होतं?" त्या या घरात तरुणपणी आल्या होत्या, पण बैठकीतून जिन्याकडं जाताना नेहमी पदर तोंडावर नि मान खाली. मी भाकरी उलटवली आणि माझ्या खात्यात त्यांचंही जमा करून घेतलं.

आता बाजारातलं कोणी आलं की जिन्यातच चपला काढायच्या, कारण वर स्वयंपाकघर. मग दोन सुनांच्या समोरून, मान खाली घालून, मागच्या अंधाऱ्या खोलीत जायचं. एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा पेढीवरच भेटू म्हणायचा. आणि सासऱ्यांना बाहेर पडायचं तर आमच्या स्वयंपाकघरातून. सुना चुलीपाशी असताना आवाज दिल्यावाचून यायचं नाही, हा त्यांचाच नियम. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ते दाराशी येत, कडी वाजवत आणि थांबत. मी पदर सावरून, हातातलं काम संपवून, मग म्हणे, "हो, या." कधी लवकर म्हणे, कधी जरा उशिरा. धाकटी जाऊ माझ्याकडं पाहून गालात हसायची. तिला काही माहीत नव्हतं, तिला वाटे सासूची जागा घेतल्यावर असंच करायचं असतं.

एवढं झालं तरी मला आत कुठंतरी टोचत राहायचं. सूड घेताना समोरच्याला कळलं पाहिजे की कशाचा. सासरे ते केव्हाच विसरले असतील असं मला वाटायचं. त्यांच्यासाठी ती हंगामातली एक सकाळ होती, एक भाजीवाला इवाई आला नि गेला. ज्यानं मारलं त्याला कुठं आठवतं? आपण एकटीच वळ कुरवाळत बसलोय, असं वाटून मला जास्तच राग यायचा.

मग पुढच्या हंगामात माझा भाऊ आला. तोच मळा करणारा, तेच धोतर, तसाच खोकला. जिन्यावर तो खोकला ऐकला आणि माझ्या हातातली पळी ओट्यावर पडली. त्यानं उंबऱ्यात पायातलं काढलं आणि सवयीनं भिंतीपाशी खाली बसायला लागला. मी त्याला दंडाला धरून उठवला आणि खिडकीच्या बाकावर बसवला. गादीवर. तो अवघडून म्हणाला, "आक्का, माझे कपडे धुळीचे हायेत." मी म्हटलं, "धुळीचेच असू दे." त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो वर तोंड करून घटाघटा प्यायला, आणि लाल काचेचा उजेड त्याच्या गळ्यावर पडला होता. मी नुसती उभी राहून पाहत होते.

तेवढ्यात कडी वाजली. त्या दिवशी बाजारात हंगामाचा पहिला लिलाव होता, सासऱ्यांना वेळेवर पोचायचं असणार. मी हलले नाही. कडी पुन्हा वाजली, जोरात. भाऊ तांब्या खाली ठेवून दाराकडं बघायला लागला.

"आक्का, कडी वाजतीय."

मी त्याचा तांब्या पुन्हा भरला. आवाज चढवायची गरज नव्हती, दार पातळ होतं, हे मला कित्येक वर्षांपासून माहीत होतं.

"वारा आहे," मी म्हटलं.

कडी थांबली. हातानं धरून थांबवावी तशी, एकदम. मी वाट पाहिली. पुन्हा वाजली नाही. हाक नाही, खाकरणं नाही, पाय आपटणं नाही. सासरे दारामागं उभे आहेत हे मला फटीतल्या सावलीवरून दिसत होतं, पण ते कडीला हात लावत नव्हते.

म्हणजे त्यांना आठवत होतं. पोतं, टोपली, खोकला, सगळं. इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं की त्या दिवशी दारामागं मी होते आणि वारा नव्हता. ते जाणूनही त्यांनी माझ्या हातची वांगी खाल्ली होती आणि गोड म्हटली होती.

मी भावाला जेवायला वाढलं. सावकाश जेवू दिलं, दुसरी भाकरी घ्यायला लावली, ताक दिलं. त्याचे हात धुऊन झाल्यावर मी पदर सावरला आणि म्हटलं, "हो, या." सासरे कोट-टोपी घालून बाहेर आले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. बाकावर बसलेल्या माझ्या भावासमोर ते क्षणभर थांबले, त्याच्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडं पाहिलं, आणि लिलाव संपून गेलेल्या बाजाराकडं जायला जिना उतरले.